टेली-मानस १४४१६: काय मिळतं, काय मिळत नाही

घरातलं माणूस मध्यरात्री ‘आता जगायचंच नाही’ म्हणू लागलं, तर फोन कुणाला लावायचा? १० ऑक्टोबर २०२२ पासून याचं सरकारी उत्तर आहे टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा: १४४१६. हा लागला नाही तर १८००-८९१-४४१६. सेवा चोवीस तास, मोफत, मराठीसह वीस भाषांत. बंगळूरची निम्हान्स ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था तिची शिखर संस्था. आमच्या मते हा क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असायलाच हवा. मात्र ही बोलण्याची आणि मार्ग दाखवण्याची सेवा आहे, रुग्णवाहिका नव्हे. हा फरक आधीच माहीत नसेल तर मोलाचा वेळ वाया जातो.

कुणी विषारी काही किंवा जास्त गोळ्या घेतल्या असतील, रक्त जात असेल, शुद्ध हरपत असेल, तर आधी रुग्णवाहिकेसाठी १०८. कुणाच्या हातात हत्यार असेल किंवा माणूस घरातून निघून गेला असेल तर पोलिसांसाठी ११२. विष पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला लावू नका. उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते आणि काही रसायनं वर येताना पुन्हा इजा करतात. बाटली किंवा गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत न्या, डॉक्टरांना उपचार ठरवायला त्याचा मोठा उपयोग होतो. ‘आता बरं वाटतंय’ असं तो म्हणाला तरी न्यायचंच, कारण काही औषधांचा परिणाम उशिरा दिसतो.

शरीराला असा धोका नसेल तेव्हा १४४१६ खरा कामाला येतो. भाषा निवडल्यावर फोन प्रशिक्षित समुपदेशकाकडे जातो. गरज वाटली तर तो पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो. पहिल्याच मिनिटाला डॉक्टर बोलतील, लगेच औषध सांगतील, ही अपेक्षा ठेवू नका. सोबतच्या माणसानेही फोन केला तरी चालतो, आणि बरेचदा तेच सोयीचं असतं. हाताशी ठेवा: गाव-तालुक्यासह पत्ता, चालू औषधांची नावं, शेवटचा डोस कधी घेतला, दारू घेतली आहे का, यापूर्वी असा प्रयत्न झाला आहे का, आणि आत्ता त्याच्याजवळ कोण आहे. समुपदेशक आत्महत्येबद्दल थेट विचारेल. नातेवाईक इथे बिथरतात, ‘असं काही विचारू नका’ म्हणतात. विचारल्याने मनात तसं येत नाही. उलट माणूस मोकळा होतो. तेव्हा त्याला बोलू द्या, मध्ये उत्तर देऊ नका. फोन चालू असतानाच घरातल्या दुसऱ्या कुणीतरी औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू कुलपात टाकाव्यात, आणि त्या रात्री त्याला एकटं सोडू नये.

सेवा तोकडी पडते ती फोन ठेवल्यानंतर. ‘जिल्हा रुग्णालयात दाखवा’ एवढ्यावर बोलणं संपवू देऊ नका. कुठलं रुग्णालय, मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी, किती वाजता, आणि पुन्हा फोन कोण कधी करणार, हे विचारून लिहून घ्या. सल्ला आणि प्रत्यक्ष उपचार यांच्यामधल्या या जागेतच माणसं हरवतात.

रात्री रुग्णालयात पोहोचल्यावर ‘मानसोपचारतज्ज्ञ नाहीत, सकाळी या’ असं ऐकायला मिळू शकतं. मागे फिरू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९४ नुसार जीवाला धोका असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारा माणूस) हजर असल्यास त्याच्या संमतीने, तातडीचे उपचार देऊ शकतो, जास्तीत जास्त ७२ तासांपर्यंत. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना हे शांतपणे, पण कलमाच्या आकड्यासकट सांगा.

दुसरी भीती पोलीस केसची. तिच्यापायी घरचे खरं कारण लपवतात आणि उपचार चुकतात. याच कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरायचं. त्याला शिक्षा नव्हे, शुश्रूषा द्यायची. भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलम उरलेलंच नाही. रुग्णालय एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद करेल, ती करू द्या. तिच्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात बजावलं आहे. भरकटलेल्या रुग्णाला पोलिसांनी संरक्षणात घेतलं तर त्यांना त्याला कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यावं लागतं.

दाखल करायची वेळ आली तर महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. लांबचा प्रवास असेल तर आधी जवळच्या रुग्णालयात रुग्णाला स्थिर करून घ्या आणि मगच निघा, जुने कागद आणि औषधांची पाकिटं बरोबर घेऊन. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांनी तिथलाच क्रमांक लावावा: अमेरिका आणि कॅनडात ९८८, इंग्लंडमध्ये १११ लावून पर्याय २, आणि जीव धोक्यात असेल तर अनुक्रमे ९११ आणि ९९९.