सीताबर्डीतलं फ्रेमचं दुकान: पट्टी एक नंबर, प्रिंटच्या वेळी मात्र डोक्याशी उभं राहा

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच कटावं. फ्रेमिंगला पाचपैकी साडेचार. प्रिंटिंगला पाचपैकी दोन, आणि त्यातलाही एक गुण मालक माणूस म्हणून गोड आहे म्हणून. दुकानाचं नाव टाकत नाहीये, कारण माझी जी तक्रार आहे तीच नागपुरात बर्डीपासून इतवारीपर्यंत अजून बऱ्याच जणांकडून ऐकली, मग एकट्या माणसाला काय म्हणून ठोकायचं.

तर झालं असं की हॉलमधली सोफ्यामागची भिंत रंगवून घेतली आणि तिथे परत बँकेचं कॅलेंडर लटकवायची इच्छा नव्हती. म्हटलं आपल्याला आवडणारी चित्रं लावू. डच चित्रकार व्हर्मीरची दूध ओतणारी बाई, जपानी चित्रकार होकुसाईची मोठी लाट आणि आपल्या सावळाराम हळदणकरांची दिवा धरलेली बाई. पहिल्या दोघांच्या प्रिंट काढायच्या होत्या, तिसरीचं पोस्टर मैसूरहून आणलेलं घरातच पडलं होतं, त्याला फक्त फ्रेम.

व्हर्मीरपासून सुरू करते कारण सगळी कटकट तिथेच झाली. फाइलचा काही प्रॉब्लेम नव्हता, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमच्या साइटवरून ती फुकट आणि भल्या मोठ्या साइजमध्ये मिळते, झूम केलं तर पावावरचे रंगाचे ठिपके वेगवेगळे दिसतात. पेनड्राइव्ह दिला, दुकानातल्या पोट्ट्याला सांगितलं की उंची अठरा इंच ठेव आणि रुंदी जी येईल ती येऊ दे. त्याने मान हलवली आणि सरळ बारा बाय अठराचा तयार साइज निवडला. आता मूळ चित्र ४५.५ बाय ४१ सेंटीमीटरचं, म्हणजे जवळपास चौकोनीच, उंची अठरा धरली तर रुंदी सोळा इंचाच्या थोडी वर यायला हवी. बाराच्या कागदावर ते बसणार कसं, तर सॉफ्टवेअरने दोन्हीकडून मिळून चार इंच उडवले. रुंदीचा पाव हिस्सा गेला की हो!

मी म्हटलं, दादा, हे कापलं काऊन? तर मालक अगदी शांतपणे, "मॅडम, रिकामी भिंतच तर कटून राहिली ना. बाई पूर्ण आहे, दूधही पूर्ण आहे."

हे वाक्य ऐकून राग यायला पाहिजे होता पण खरं सांगू का, विचारात पडले, कारण बहुतेक लोक चित्र असंच बघतात. बाई आहे, दूध आहे, बाकी मग काय बॅकग्राउंड. पण त्या रिकाम्या भिंतीची गोष्ट अशी आहे की ती व्हर्मीरने मुद्दाम रिकामी केलेली आहे. २०२२ मध्ये म्यूझियमने चित्राची आतपर्यंत तपासणी केली तेव्हा दिसलं की बाईच्या डोक्यामागे आधी भांडी टांगायची पट्टी सुरू केली होती आणि उजवीकडे खाली एक टोपलीसारखी वस्तू होती, दोन्ही त्याने स्वतः रंगाने बुजवून टाकल्या. म्हणजे इतका विचार करून माणसाने भिंत मोकळी सोडली, तिच्यावर एक खिळा आणि खिळ्यांची जुनी भोकं तेवढी ठेवली, आणि आपण म्हणतो रिकामीच तर आहे.

त्या मोकळ्या भिंतीमुळेच ती बाई इतकी भक्कम, जड, शांत वाटते. शिवाय भिंत सगळीकडे सारखी नाहीये, नीट बघा. खिडकीकडच्या बाजूला, जिथे बाईच्या अंगावर उजेड पडतो, तिथे मागची भिंत काळपट आहे. आणि तिची सावलीतली बाजू उजळ भिंतीपुढे आहे. उजेडापुढे अंधार आणि अंधारापुढे उजेड, म्हणून ती कागदातून बाहेर आल्यासारखी दिसते. यांच्या मशीनने वर कलर एन्हान्स नावाचा प्रकार केलेला, त्यात अख्खी भिंत चुना मारल्यासारखी पांढरीफक झाली आणि हा सगळा खेळच खलास. निळा एप्रन मात्र असा भडक की बाप्पा, शाळेचा युनिफॉर्म वाटावा.

कापाकापीत डावीकडची खिडकी अर्धीअधिक गेली आणि उजवीकडची पाय शेकायची लाकडी पेटी मधोमध कापली गेली. खिडकी गेली म्हणजे उजेड कुठून येतोय तेच गेलं, आणि दुसरं पण काहीतरी गेलं. खिडकीच्या चौकटीच्या ज्या तिरप्या रेषा आहेत त्या पट्टी लावून पुढे वाढवल्या की बाईच्या उजव्या हाताच्या जरा वर येऊन मिळतात. त्या जागी मूळ कॅनव्हासवर टाचणीचं बारीक भोक सापडलंय, तिथे दोरी अडकवून व्हर्मीरने रेषा आखल्या असं अभ्यासक सांगतात. म्हणून नजर फिरून फिरून त्या दुधाच्या धारेपाशीच येते. चित्रात बाकी काहीच हलत नाही, ती एक धार तेवढी पडतेय. ज्यांना पटत नाही त्यांनी घरी प्रिंटवर बटर पेपर ठेवून पेन्सिलने रेषा ओढून बघाव्यात, दहा मिनिटांचं काम आहे.

मालकाला मी हे सगळं दुकानात उभ्या उभ्या सांगितलं, मागे एक काका लग्नाचा फोटो घेऊन ताटकळत होते, त्यांनीही मान वाकवून बघितलं. मालकाने शेवटी पूर्ण चित्र वीस बाय चोवीसच्या कागदावर चारी बाजूंनी पांढरा सोडून काढून दिलं, एन्हान्स बंद करून, आणि पैसे फक्त कागदाचे घेतले. म्हणून म्हटलं माणूस गोड आहे.

होकुसाईच्या लाटेला मात्र वेगळाच घोळ. ही १८३१ च्या आसपासची लाकडी ठशांची छपाई, मूळ साधारण २६ बाय ३८ सेंटीमीटरची, म्हणजे बारा बाय अठराला जवळपास परफेक्ट बसते. मी निर्धास्त. पण पोट्ट्याने सुचवलं की हे कॅनव्हासवर घ्या, काच नको, फ्रेम नको, सध्या सगळे हेच घेऊन राहिले. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणून मागे ठोकतात ना, त्यात चारी बाजूंनी दीड दीड इंच कापड चौकटीच्या जाडीवर वळतं. आता हिशोब करा, पूर्ण चित्र पंधरा बाय एकवीसवर छापलं आणि समोर बारा बाय अठरा दिसणार, म्हणजे क्षेत्रफळाने तीस टक्क्यांच्या वर चित्र बाजूला गेलं. डाव्या वरच्या कोपऱ्यातली शीर्षकाची चौकट आणि सही निम्मी वळणावर गेलेली. सॅम्पल म्हणून त्यांनी भिंतीवर जी लाट लटकवलीय तीच बघून मला हे कळलं, नाहीतर माझीही तशीच झाली असती.

आणि या चित्रात कडांना फारच महत्त्व आहे. लाट डाव्या कडेच्या बाहेरून आत येते, तिची सुरुवात आपल्याला दिसतच नाही, म्हणून ती केवढी असेल याचा अंदाज येत नाही आणि पोटात गोळा येतो. वर आकाश भरपूर मोकळं आहे, कारण लाट अजून पडायचीय, पडायला जागा पाहिजे. त्या लाटेच्या वळणाखाली खोलगटात एवढासा फुजी, ३,७७६ मीटरचा, जपानमधला सगळ्यात उंच डोंगर, आणि पुढची छोटी लाट त्याच्यापेक्षा मोठी दिसते, बरं तिचा आकारही फुजीसारखाच, टोकाला फेस म्हणजे जसा काही बर्फ. अंगठ्याने फुजी झाकून बघा. लाट तीच, तीन नावा त्याच, पण चित्र एकदम नुसतं समुद्राचं होऊन जातं. चारी कडा कापल्या की लाट मध्यभागी येऊन बसते आणि सगळा धोकाच संपतो, मग ती टी-शर्टवरची लाट.

कॅनव्हासच पाहिजे असेल तर त्यावर उपाय आहे, दुकानवाल्यांना माहीतही असतो पण आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. एकतर वळणाऱ्या भागावर एकच साधा रंग छापायला सांगायचं, नाहीतर कडेचा भाग आरशासारखा उलटा करून छापतात, म्हणजे समोर चित्र पूर्ण राहतं. मी मात्र कागदावर घेऊन काचेत बसवली.

आता कौतुक. हळदणकरांचं पोस्टर नेलं तेव्हा आधी पांढरा माउंट (चित्राभोवती, फ्रेमच्या आत बसवतात तो जाड पुठ्ठा) दाखवला, दहापैकी आठ गिऱ्हाईक तोच घेतात म्हणाले. हे चित्र १९४० च्या दशकातलं, जलरंगातलं, मूळ मैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे, मॉडेल त्यांची स्वतःची मुलगी. बाईने एका हातात दिवा धरलाय आणि दुसऱ्या हाताचा आडोसा केलाय, त्यामुळे ज्योत आपल्याला थेट दिसत नाही, बोटांमधून झिरपणारा लालसर उजेड तेवढा दिसतो, आणि तोच तिच्या चेहऱ्यावर जातो. सगळं चित्र त्या तळहातावर उभं आहे. म्हणजे चित्रातली सगळ्यात उजळ जागा तिथेच राहायला पाहिजे. चारी बाजूंनी पांढराशुभ्र माउंट टाकला की डोळ्याला सगळ्यात उजळ माउंटच दिसणार, दिवा विझल्यातच जमा. मी हे बोलायच्या आधीच मालकाने पोस्टर जरा लांब धरलं, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "नाही मॅडम, हे पांढऱ्यात मरते." आत जाऊन गडद तपकिरी माउंटचा तुकडा घेऊन आला आणि कोपऱ्यावर ठेवला. काय फरक पडला म्हणून सांगू! बाई उजळून निघाली. माउंटची खिडकीही त्याने चित्राच्या आत न कापता बरोबर कडेवर कापली, नाहीतर माउंट सहसा चारी बाजूंनी चित्राचे काही मिलिमीटर खातोच. ज्या माणसाला व्हर्मीरची भिंत रिकामी वाटली त्यालाच हे बिना सांगता दिसलं, म्हणजे नजर आहे, फक्त कॉम्प्युटरवरचे तयार साइज त्याच्या नजरेच्या आड येतात असं माझं मत.

डोळे बारीक करायची ट्रिक घरी पण करा बरं का, बारकावे पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. फोनवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट केला तरी साधारण तेच होतं.

मालकाने पुढे विचारलं, आपल्या नागपूरचे गायतोंडे काऊन नाही लावत. हो, चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये इथेच जन्मले, किती जणांना माहीत आहे कुणास ठाऊक. पण एकतर ते २००१ मध्ये गेले, त्यामुळे कॉपीराइट अजून बरीच वर्षं आहे, नेटवरून उचलून छापायचं नसतं. आणि दुसरं म्हणजे त्यांच्या चित्रात बाई नाही, लाट नाही, रोलर आणि नाइफने चढवलेले आणि खरवडलेले रंगाचे थर आहेत, ते सपाट प्रिंटमध्ये येणार कुठून. ते प्रत्यक्षच बघायचे.

बाकी कामाचं. पट्टी सागवानाची घेतली, कोपरे असे जुळलेत की नख घालायला फट नाही. मागे एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) लावू देऊ नका, आपल्याकडे एप्रिल ते जून कूलर चालतो आणि त्याच्या दमट हवेने एमडीएफ फुगतो, कागदाला लाटा येतात. मी मागे प्लास्टिकची सनबोर्ड शीट लावून घेतली आणि काच व कागदामध्ये माउंटची जाडी आहेच, त्यामुळे कागद काचेला चिकटत नाही. नॉन-ग्लेअर काच दाखवतात, महाग आहे आणि रंग थोडे मंद दिसतात, खिडकी अगदी समोर असेल तरच घ्या. पश्चिमेचं ऊन येतं अशा भिंतीवर लावणार असाल तर प्रिंट पिगमेंट इंकमधली, म्हणजे लवकर फिकी न पडणाऱ्या शाईतली मागा, नाहीतर उन्हाने रंग उडतो.

तिन्हींचे मिळून पाच हजारांच्या आत झालं, घासाघीस फारशी होत नाही. प्रिंट द्यायच्या आधी स्क्रीनवर पूर्ण चित्र दाखवायला सांगा, चारही कोपरे बोट ठेवून तपासा आणि मगच हो म्हणा, त्याचा त्यांना राग येत नाही. संध्याकाळी जाऊ नका, बर्डीत गाडी लावायला जागा मिळत नाही, सकाळी अकराच्या सुमारास मालक स्वतः काउंटरवर असतो.