कार्ड नीट भरून देणारा प्राण्यांचा दवाखाना (कोथरूड)

साडेतीन वर्षं झाली, आमचा बंड्या (देशी कुत्रा आहे, पार्किंगमध्ये सापडलेला) आणि आता मनी मांजर पण, दोघांना इथेच आणतो, त्यामुळे एकदा नीट रिव्ह्यू लिहायचाच होता. दवाखाना लहानसाच, दोन खोल्या, बाहेर एक बाकडं, आत डॉक्टर मॅडम आणि मदतीला एक काका.

पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं रेबीजचं इंजेक्शन देतील, पैसे घेतील, झालं. पण मॅडमनी टोचून झाल्यावर त्या इवल्याशा बाटलीवरचं स्टिकर नखाने सोलून लसीकरणाच्या कार्डावर चिकटवलं, शेजारी तारीख, पुढच्या वर्षीची तारीख, सही, शिक्का. म्हणाल्या हे जपून ठेवा, याच्याशिवाय महापालिकेचं लायसन्स निघत नाही. कुत्रं पाळायला लायसन्स लागतं हेच मला माहीत नव्हतं हो! काकांनी तिथेच बाकड्यावर बसून माझ्या मोबाईलवरून ऑनलाइन फॉर्म भरून दिला, पत्त्याचा पुरावा, बंड्याचा फोटो, रेबीजचं सर्टिफिकेट. पुण्यात आता मांजरांची पण नोंदणी करावी लागते, हेही मला इथेच कळलं, मनी आली तेव्हा.

कार्डाची खरी किंमत कळली ती गेल्या दिवाळीत. फटाके ऐकून बंड्या बिथरला आणि आमच्या वॉचमनकाकांच्या पोटरीला त्याचा दात लागला, जरासं खरचटलं पण रक्त आलं. मी रडकुंडीला आलेले. मॅडमना फोन लावला तर पहिलं वाक्य, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, हळद-चुना काही लावू नका, आणि कुत्र्याला लस दिलेली असली तरी त्यांना लगेच इंजेक्शनसाठी घेऊन जा. आम्ही तसंच केलं, सगळा खर्च आम्ही उचलला, कार्डाचा फोटो हॉस्पिटलमध्ये दाखवला, आणि बंड्यावर दहा दिवस लक्ष ठेवलं. नंतर भेटल्यावर मॅडमनी शांतपणे सांगितलं की आपल्या निष्काळजीपणामुळे आपल्या जनावराकडून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्यासारखी परिस्थिती आली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या दिवसापासून पट्ट्याशिवाय बंड्या दाराबाहेर पडत नाही आणि माझ्या पर्समध्ये शी उचलायला जुने पेपर असतातच.

पण त्या फक्त आपल्यालाच दटावतात असं नाही. आमच्या सोसायटीने लिफ्टमध्ये कुत्री बंद अशी नोटीस लावली होती, आम्ही पाचव्या मजल्यावर, बंड्याला सासूबाई फिरवतात, त्यांचे गुडघे दुखतात, जिने कसे चढणार त्या? मॅडमनी अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या (प्राण्यांच्या कल्याणासाठीचं केंद्राचं मंडळ) 2015 च्या गाइडलाइन्सची प्रिंट काढून दिली, त्यात स्पष्ट आहे की सोसायटी पाळीव प्राण्यांना लिफ्ट बंद करू शकत नाही. ती प्रिंट, लायसन्स आणि कार्ड घेऊन मी मीटिंगला गेले, त्यांनी नोटीस काढून टाकली.

एक दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. एकदा सकाळी गेले तर दवाखान्याच्या शटरपाशी खोक्यात पर्शियन मांजर, डोळे चिकटलेले, केसांच्या जटा, कोणीतरी रात्री सोडून गेलेलं. काका कोमट पाण्यात कापूस बुडवून तिचे डोळे पुसत होते. पाळलेलं जनावर असं टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड किती माहितीये? 10 ते 50 रुपये! हे ऐकून मला इतका संताप आला की काय सांगू, एवढ्यात तर धड चहा-वडापाव पण येत नाही.

कमी काय ते पण सांगते. कुत्री-मांजरं एकाच बाकड्यापाशी थांबतात, मनी तर थरथर कापते, निदान मधे एक पडदा तरी हवा. पार्किंग नाही. रविवारी बंद. संध्याकाळी सहानंतर गेलात तर तासभर बसावं लागतं, कारण मॅडम प्रत्येकाला वेळ देतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. मांजर आणणार असाल तर आधी फोन करा, काका मागच्या दाराने आत घेतात.