कॉलेजचा स्टुडिओ, भाड्याचा कॅमेरा की हातातला फोन?

तिसऱ्या वर्षाचं प्रोजेक्ट, दहा मिनिटांची शॉर्टफिल्म, सहा-सात जणांचं युनिट आणि वर्गणी काढून जमवलेले थोडेसे पैसे. मास मीडिया किंवा जर्नालिझम करणाऱ्या बहुतेक मुलांची तयारी एवढीच असते. स्क्रिप्टचा दुसरा ड्राफ्ट व्हायच्या आत ग्रुपवर वाद पेटतो: कॉलेजच्या स्टुडिओत करू, कॅमेरा भाड्याने आणू की सरळ फोनवर उरकू? वाद हटकून चित्राच्या क्वालिटीवर जातो. माझं मत असं की आधी दुसरं काहीतरी मोजावं: कुठली वस्तू सलग किती तास तुमच्या ताब्यात राहणार आहे? तिन्ही पर्यायांत खरी तफावत तिथे पडते.

कॉलेजपासून सुरुवात करू, कारण ते फुकट आहे आणि फुकटाबद्दल गैरसमज फार असतात.

कॉलेजमधला स्टुडिओ बहुतेक वेळा टीव्हीच्या हिशोबाने बांधलेला असतो. दोन-तीन कॅमेरे, छतावर लाइटची ग्रिड, एका भिंतीवर हिरवा क्रोमा (मागे हवं ते दृश्य बसवण्यासाठीचा पडदा), काचेपलीकडे पीसीआर म्हणजे कंट्रोल रूम आणि त्यात एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी स्विचर. मुलाखत, बातमीपत्र, चर्चा, नाटकातला एखादा प्रवेश तीन कॅमेऱ्यांवर एकदम टिपणं, यासाठी ही जागा उत्तम. लाइट एकदा लावला की दिवसभर हलवायला नको, वीजही वेगळ्या लाइनची. पण तुमच्या गोष्टीत चाळीतलं स्वयंपाकघर असेल तर ते इथे उभं करावं लागेल, आणि फ्लॅट म्हणजे सेटच्या खोट्या भिंती, प्रॉपर्टी म्हणजे सीनमधलं सामान, रंगकाम यांचा खर्च धरला तर मैत्रिणीच्या आजीचं खरं स्वयंपाकघर कधीही स्वस्त पडतं.

आता वेळ. स्टुडिओ सकाळी उघडतो आणि लॅब असिस्टंटची घरी जायची वेळ झाली की बंद होतो. रात्रीचा सीन असेल तर प्राचार्यांची परवानगी, सामान बाहेर न्यायचं तर विभागप्रमुखांची सही आणि गेटपास. परीक्षा, नॅकची (कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) भेट, गॅदरिंग आलं की तारखा मागेपुढे होतात. यात कुणाची चूक नाही, एका स्टुडिओवर तीन वर्षांचे वर्ग असतात.

मग कॉलेजची खरी किंमत कशात? दोन छोट्या खोल्यांत: ऑडिओ बूथ आणि एडिट लॅब. बाहेर डबिंगचा स्टुडिओ तासावर पैसे घेतो आणि नवख्या नटाला तीन ओळी लिपसिंक करायला, म्हणजे पडद्यावरच्या ओठांशी जुळवून बोलायला, तासभर सहज लागतो. तेच बूथमध्ये चार दुपारी निवांत करता येतं. एडिटचंही तसंच. आश्चर्य म्हणजे मुलं स्टुडिओसाठी भांडतात आणि या खोल्या रिकाम्या पडून राहतात.

एक गोष्ट आधी विचारून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्माता धरला जातो, दिग्दर्शक नाही. प्रोजेक्टवर निर्माता म्हणून कॉलेजचं नाव जाणार असेल, तर पुढे फेस्टिव्हलला पाठवायचा किंवा यूट्यूबवर टाकायचा अधिकार कुणाकडे, हे शूटिंगआधी लेखी ठरलेलं बरं.

भाड्याचा कॅमेरा घेतला की कॅमेरा तुमच्या वेळेला येतो, म्हणजे पहाटेचा सीन खरंच पहाटे करता येतो. मुंबईत अंधेरी-ओशिवऱ्याच्या पट्ट्यात ही दुकानं खच्चून आहेत, पुण्यातही चांगली सोय आहे. नांदेड किंवा सावंतवाडीच्या मुलांना मात्र सामान मोठ्या शहरातून आणावं लागतं, आणि येण्या-जाण्यातला वेळही भाड्यात धरला जातो. तिथे हा पर्याय कागदावर दिसतो त्याहून बराच महाग.

कागदावरचा आकडा तसाही फसवा. दर असतो नुसत्या बॉडीचा, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचा. लेन्स वेगळी, ट्रायपॉड वेगळा, मॉनिटर वेगळा, बॅटऱ्या किती ते विचारावं लागतं. बऱ्याच ठिकाणी महागड्या सामानाबरोबर अटेंडंट येतो. त्याचं मानधन, जेवण आणि रात्री उशीर झाला तर कन्व्हेयन्स तुमच्याकडे. कुरकुर करू नका. लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ जाऊ नये, कार्ड फॉरमॅट करण्याआधी दोनदा विचारावं, असल्या गोष्टी तो माणूस एका दिवसात शिकवून जातो. सामान घेताना दुकानातच प्रत्येक वस्तूचा व्हिडिओ काढा आणि दोन मिनिटं रेकॉर्डिंग करून पाहा, म्हणजे परत देताना ओरखड्यावरून डिपॉझिट अडकत नाही.

ज्या दोन खर्चांचा मुलं हिशोबच करत नाहीत ते म्हणजे डेटा आणि वीज. दहा मिनिटांच्या फिल्मला दहापट शूट केलं तर शंभर मिनिटांचं फुटेज होतं. ते ४के प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये (उत्तम क्वालिटीचा, पण जड फाइलचा फॉरमॅट) सेकंदाला २५ फ्रेम्सवर घेतलं तर तासाला ३३२ जीबी, म्हणजे सगळं मिळून साडेपाचशे जीबीच्या वर. त्याच्या दोन प्रती हव्यातच, म्हणजे एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क. हेच १०८० मध्ये, म्हणजे फुल एचडीत घेतलं तर तासाला ८३ जीबी. कॉलेजच्या प्रोजेक्टरवर दाखवायच्या फिल्मला ४केचा अट्टहास कशाला, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

वीजेचं गणित आणखी सोपं आहे. एक हजार वॅटचा बेबी (शूटिंगचा जुन्या पद्धतीचा, टंगस्टन बल्बचा लाइट) २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर ओढतो. घरातल्या ५ अँपिअरच्या साध्या प्लगवर एकच बेबी चालेल, गिझरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर फार तर तीन. आजीच्या जुन्या वायरिंगवर त्याहून जास्त लावाल तर आधी फ्यूज उडेल आणि मग आजी. म्हणून भाड्याच्या यादीत टंगस्टनऐवजी एलईडी लिहा. दोनशे वॅटचा एलईडी एक अँपिअरही घेत नाही. शिवाय दिवसा खिडकीतून येणारा उजेड आणि एक पांढरा थर्माकोल यांवर निम्मी फिल्म होते.

फोनच्या बाबतीत मुलांचा सूर नेहमी माफी मागितल्यासारखा असतो. तसं काही कारण नाही. ताबा किती तास, या प्रश्नात फोन दोघांनाही हरवतो: तो चोवीस तास तुमचा आहे. चुकलेला शॉट पुढच्या रविवारी पुन्हा घेता येतो. पालखीच्या गर्दीत, लोकलच्या डब्यात, मासळी बाजारात फोनकडे कुणी वळून पाहत नाही, त्यामुळे डॉक्युमेंटरीसाठी मी तर डोळे मिटून फोन म्हणेन. (स्टेशनात आणि गाडीत शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते, फोन असला तरी.)

पण फोनच्या खोड्या माहीत हव्यात. बहुतेक फोन मुळात ३० फ्रेम्सवर लावलेले असतात आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा कितवा भाग उजेड मिळणार ते, स्वतःच ठरवतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. शटर १/६० झालं की चित्रात पट्टे सरकू लागतात. उपाय: २५ फ्रेम्स आणि शटर १/५०. २४ वरच करायचं असेल तर शटर अँगल (तेच शटर अंशांत मोजायची पद्धत) १७२.८ अंश, म्हणजे पुन्हा १/५०. हे हाताने लॉक करण्यासाठी ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट मिळतं, आयफोनवर २०२३ पासून आणि काही अँड्रॉइड फोनवर २०२४ पासून. बाहेर उन्हात १/५० ठेवलं की चित्र पांढरंफटक होतं, कारण फोनचं ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) सहसा बदलत नाही. तिथे क्लिपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लागतो.

दुसरी खोडी जास्त छळते. अनेक फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत, त्यामुळे वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज सुरुवातीला जुळतो आणि चौथ्या मिनिटाला ओठांच्या मागे पडतो. फुटेज एडिटला घेण्याआधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटवर काढून घ्यावं. फाइल लहान असते, मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे एमबी, पण एचईव्हीसी (फोन ज्या दाबलेल्या फॉरमॅटमध्ये साठवतो तो) उलगडताना जुना लॅपटॉप धापा टाकतो. प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या प्रती, बनवा. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंत (म्हणजे ४के) आउटपुट देते, विद्यार्थ्याला तेवढं रग्गड झालं.

आणि आवाज. तिन्ही पर्यायांत फिल्म इथेच पडते. हलणारं चित्र प्रेक्षक चालवून घेतात, न ऐकू येणारा संवाद नाही. फोनचा स्वतःचा माइक नटापासून सहा फूट लांब असतो आणि पंखा त्याच्या जवळ. म्हणून पैसे मोजकेच असतील तर मी ते कॅमेऱ्यावर न घालता बूम (लांब काठीवरचा माइक), कपड्यांना लावायचे दोन लेपल माइक आणि एक रेकॉर्डर यांवर घालेन, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर रेकॉर्डिंग. कॉलेजकडे असा संच असेल तर गेटपाससाठीची सगळी विनवणी इथे खर्च करा. प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट रूम टोन, म्हणजे त्या जागेचा नुसता शांततेचा आवाज, घ्यायचा; एडिटमध्ये संवादांमधल्या फटी त्याने भरतात.

गोरेगावची चित्रनगरी, कोल्हापूरची चित्रनगरी वगैरे नावं ग्रुपवर कुणीतरी टाकतंच. त्या जागा व्यावसायिक युनिटसाठी आहेत, सहा जणांच्या टीमने तिकडे वळू नये. पुण्याच्या एफटीआयआयशी तुलना करून खट्टूही होऊ नका. १९६० साली प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओत उभी राहिलेली ती पूर्णवेळ फिल्मशाळा आहे, तिथे छायाचित्रण, ध्वनी, संकलन यांचे स्वतंत्र विभाग आहेत. शिवाय तिथल्या तीन वर्षांच्या कोर्सला पदवी लागते, म्हणजे आताची ही फिल्म करूनच तिथे अर्ज करायचा आहे.

तर निवड कशी करायची? चार भिंतींत दोन माणसं बोलतात अशी गोष्ट असेल तर घर कुणाचंतरी, फोन किंवा कॉलेजचा डीएसएलआर, आवाजाचा संच चांगला आणि डबिंग-एडिट कॉलेजात. गोष्ट रात्रीची असेल, अंधार आणि एखादाच दिवा असेल, तर फोनचा छोटा सेन्सर दाणे दाखवणारच. तिथे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा एक दिवस भाड्याने आणा, पण रात्रीचे सगळे सीन त्याच एका दिवसात बसवून. बाकीचे दिवस दुसऱ्या कॅमेऱ्यावर घेतले तर रंग जुळवायला एडिटमध्ये आठवडा जास्तीचा धरा. टॉक शो, वेबसिरीजचा पायलट, कवितावाचन असेल तर बिनदिक्कत कॉलेजचा स्टुडिओ. पूर्ण फिल्म भाड्याच्या कॅमेऱ्यावर करायचा सल्ला मी एकाच टीमला देईन: ज्यांची तीच स्क्रिप्ट आधी फोनवर शूट करून, जोडून, बघून झाली आहे.

काहीही निवडलंत तरी तारखा उलट्या क्रमाने घ्या. सबमिशनच्या तारखेपासून मागे मोजत आधी एडिट लॅब आणि बूथचे दिवस रजिस्टरमध्ये लिहून सही घ्या, मग नटांना फोन करा, आणि कॅमेऱ्याचा ॲडव्हान्स सगळ्यात शेवटी द्या.