जुलाब-उलट्यांत लेकराला सलाईन लावायचं की घरी ओआरएस पाजायचं?

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी माझ्या तीन वर्षांच्या मुलाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. माहेर अमळनेर तालुक्यात, बाहेर 44 अंशांचं ऊन, घर पाहुण्यांनी भरलेलं. दुपारपर्यंत सहा वेळा पातळ शी आणि चार उलट्या झाल्या. आई म्हणाली, "पोऱ्याले सलाईन लाई टाक व माय." शेजारच्या काकूंचंही तेच. गेल्या वर्षी माझ्या भाचीला सलाईन लावलं होतं, यंदा मुलाला मी घरीच ओआरएस पाजलं. दोन्ही जवळून पाहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी बाटलीत असतं काय ते. पाचशे मिलीच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर. "सलाईनने ताकद येते" म्हणतात, ती ताकद एवढीच. आपल्या जळगावच्या एका मोठ्या केळातूनही जवळपास तेवढीच मिळते. सलाईनचं खरं काम वेगळं आहे. मूल पिऊच शकत नसेल तेव्हा पाणी आणि क्षार थेट रक्तात पोचवायचे.

ओआरएसच्या लिटरच्या पुडीत साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट असतं. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत जातात आणि पाण्याला सोबत ओढून नेतात. जुलाब चालू असतानाही ही वाट बंद होत नाही. 1971 साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईनच्या बाटल्या पुरत नव्हत्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये ग्लुकोज-मिठाचं असंच द्रावण कालवून लोकांना पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. कॉलऱ्यात जे चाललं ते आपल्या लेकराच्या जुलाबात चालणार नाही असं मानायला काही कारण नाही.

जुलाब मात्र दोन्हींनी थांबत नाहीत. ते आपल्या वेळेने थांबतात, आपण फक्त गेलेलं पाणी भरून काढतो. आई संध्याकाळी म्हणाली, "एवढं पाजलं तरी शी चालूच आहे." तिचं बरोबर होतं, पण ओआरएसचा त्यात दोष नव्हता.

आता त्रासाचं. भाचीला दवाखान्यात नेलं तेव्हा ती पाणी मागून पीत होती, तरी विचारपूस न करता सलाईन लावलं. शीर सापडेना, चार ठिकाणी सुई टोचली, हात फळीला बांधला. ती रडून रडून थकली आणि दोन दिवस दवाखान्यात काढले. घरच्या ओआरएसमध्ये हे काही नाही, पण तिथे आईची कसोटी लागते. वाटीभर एकदम पाजलं की मूल ओकतं. मी मांडीवर घेऊन मिनिट-दोन मिनिटांनी एकेक चमचा देत होते. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा आधीपेक्षा हळू सुरू करायचं. आळीपाळीने चमचा धरणारं कुणी नसेल तर हा मार्ग फार अवघड आहे, हे मी मोकळेपणाने सांगते. अंदाज म्हणून, दोन वर्षांखालच्या बाळाला दर पातळ शीनंतर 50 ते 100 मिली आणि त्याहून मोठ्याला 100 ते 200 मिली लागतं.

पण ज्या क्षणी मूल पिणं सोडतं, त्या क्षणी घरचा मार्ग संपतो. मलूल होऊन पडलंय, हाक मारली तरी नीट बघत नाही, डोळे खोल गेलेत, सहा-आठ तास लघवी नाही, शीत रक्त आहे, पाजलेलं सगळंच ओकतंय, यातलं एक दिसलं तरी दवाखाना. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. ती सावकाश खाली बसली तर थांबू नका. मूल फार सुकलं असेल किंवा पिऊच शकत नसेल तर तिथे सलाईनच जीव वाचवतं आणि तेव्हा "ओआरएस पुरेल" म्हणत बसणं चूक. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर मी लक्षणांची वाट न बघता दाखवून आणेन.

अंतराचाही विचार करा. जळगाव-धुळ्यात दवाखाना दहा मिनिटांवर असतो, तिथे रात्रभर घरी पाहता येतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी राहत असाल तर निर्णय लवकर घ्या, 108 ला फोन करा आणि गाडीतही चमचा चालू ठेवा.

पुडीबद्दल एक कळकळीचं सांगणं. लिटरची पुडी म्हणजे पूर्ण पुडी आणि पूर्ण लिटर. पेल्यात अर्धी पुडी ओतली की द्रावण तीव्र होतं आणि त्याने अपाय होतो. आमच्याकडे पाणी आठ दिवसांनी येतं, पिंपात साठवलेलं असतं. म्हणून उकळून थंड करूनच घेतलं, एक लिटरच्या बाटलीने मोजलं आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकलं. पुडी मिळेपर्यंत लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ चालतं, पण त्यात पोटॅशियम नसतं. दुकानातली गोड फळपेयं मात्र यासाठी देऊ नका, जास्त साखरेने जुलाब वाढतात. पुड्या आशाताईंकडे फुकट मिळतात. सोबत झिंकच्या गोळ्याही मागून घ्या: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. अंगावरचं दूध, मुगाची मऊ खिचडी, केळ, काहीच बंद करायचं नाही.

रात्रभर आम्ही तिघींनी चमचा धरला: मी, आई आणि वहिनी. पहाटे चारच्या सुमाराला त्याने अंथरूण ओलं केलं. आईने हात लावून पाहिलं आणि मला उठवलं, "व माय, पोऱ्या मुतना."