५० टक्के शेडनेट: नागपूरच्या उन्हाळ्यात मिरचीच्या रोपांवरचे दोन वर्षांचे प्रयोग

गच्चीवर मिरची लावणारे ओळखीचे लोक फेब्रुवारी संपत आला की हिरवी शेडनेट घ्यावी का, असे विचारू लागतात. दोन उन्हाळे दोन वेगवेगळ्या जाळ्यांखाली रोपे सांभाळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की जाळी अवश्य घ्यावी, ती ५० टक्के सावलीची, म्हणजे निम्मे ऊन अडवणारीच घ्यावी, आणि तिच्यामुळे मे महिन्यात मिरच्या लागतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

आमची गच्ची दक्षिण आणि पश्चिम या दोन्ही बाजूंनी उघडी आहे. तीवर १६ ग्रो बॅग आहेत. बारांत ज्वाला जातीची तिखट मिरची आणि चारांत ढोबळी. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, हवेत ओलावा नावालाही नसतो आणि दुपारी पश्चिमेकडून येणारा गरम वारा पानांतले पाणी मुळांना पुरवता येईल त्याहून वेगाने ओढून घेतो. अशा वेळी मातीत ओल असूनही रोप मान टाकते, आणि पाणी कमी पडले असे समजून आपण आणखी पाणी घालतो. माझी पहिली दोन रोपे तहानेने न मरता मुळे कुजून मेली, हे पिशवी उलटी केल्यावर कळले.

पहिल्या वर्षी दुकानदाराच्या सांगण्यावरून मी ७५ टक्क्यांची जाळी आणली. ऊन जितके जास्त तितकी सावली जास्त हवी, हा त्यांचा हिशेब ऐकायला बरोबर वाटला. प्रत्यक्षात रोपे प्रकाशाच्या शोधात उंच वाढली, पेरांमधले अंतर बोटभर झाले, पाने मोठी पण पातळ आणि फिकट पडली, आणि फुले मोजकीच आली. त्या मऊ पालवीवर पांढऱ्या माशीने ठाण मांडले. मिरची मुळात उन्हाचीच वनस्पती आहे. तिला त्रास होतो तो दुपारच्या चार-पाच तासांचा, दिवसभराच्या प्रकाशाचा नव्हे.

दुसऱ्या वर्षी घेतलेली ५० टक्क्यांची जाळी गोल धाग्याची आहे. बाजारात चपट्या पट्टीच्या धाग्याची जाळी स्वस्त मिळते आणि महिनाभर दिसतेही छान, परंतु वाऱ्यात ती फडफडते, आणि माझ्या पहिल्या जाळीचे पट्टीचे धागे तर एकाच उन्हाळ्यात ठिसूळ होऊन बोटांनी चुरगळू लागले होते. गोल धाग्याची जाळी महाग पडते, पण तिच्यातून वारा आरपार जातो आणि माझा तुकडा एका हंगामानंतर उतरवला तेव्हा शाबूत होता. अतिनील किरणांपासून संरक्षणाची प्रक्रिया केलेली जाळी आहे का, हे आवर्जून विचारावे. एक अडचण अशी की टक्केवारी फक्त मूळ गुंडाळीच्या चिठ्ठीवर असते, कापलेल्या तुकड्यावर काहीच खूण नसते. त्यामुळे तुकडा आपल्यासमोर, चिठ्ठी वाचूनच कापून घ्यावा. माझ्या तुकड्याची रुंदीही सांगितल्यापेक्षा वीतभर कमी भरली, आणि ते मला बांबू रोवून झाल्यावर लक्षात आले.

बांधताना जाळी रोपांच्या शेंड्यांपासून किमान तीन फूट वर ठेवावी. पूर्वेची बाजू मोकळी सोडल्याने सकाळचे कोवळे ऊन रोपांना थेट मिळते; पश्चिमेला मात्र जाळी कठड्यापर्यंत खाली सोडली, आणि सर्वांत मोठा फरक या पडद्यानेच पडला. जाळीखालची हवा फारशी थंड होत नाही, हे नमूद केले पाहिजे. कमी होते ते पानांचे आणि पिशवीतल्या मातीचे तापणे. जाळी नसताना दुपारी काळ्या ग्रो बॅगच्या कडेची माती बोटाला चटका देत असे; जाळीखाली ती नुसती कोमट लागते. ढोबळी मिरचीच्या उन्हाकडच्या अंगावर पडणारा, पुढे कागदासारखा पांढरा होऊन सडणारा डागही नाहीसा झाला. पहिल्या वर्षी जाळी लागण्यापूर्वीची जवळजवळ अर्धी फळे याच डागाने वाया गेली होती.

फुलगळ मात्र थांबली नाही. ज्वालाची फुले एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून देठासकट गळू लागली, आणि सकाळी गच्ची झाडताना केरात माती कमी आणि पांढरी फुलेच जास्त असत. अति उष्णतेत परागकण निकामी होतात, आणि त्यात दिवसाइतकाच रात्रीच्या तापमानाचा वाटा असतो. ढोबळीला रात्री विशीच्या आत तापमान मानवते. आमच्याकडे मे महिन्यात स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतो. त्यावर कोणत्याही टक्केवारीची जाळी उपाय नाही. आमच्याच जिल्ह्यातील भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, पण तीसुद्धा पावसाळ्याच्या भरवशावर लावतात, उन्हाळ्याशी झुंजत नाहीत. म्हणून मी आता मे महिन्यात फुले मोजत बसत नाही आणि फुलगळीवरची औषधे तर मुळीच फवारत नाही. पानांचा हिरवा रंग टिकला की महिना पदरात पडला असे समजतो.

जाळीइतकेच पाण्याकडे पाहावे लागते. गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी अक्षरशः पोळते, त्यामुळे रात्रीच बादल्या भरून सावलीत ठेवतो आणि सकाळी सहाच्या सुमारास पाणी घालतो. संध्याकाळी माती चाचपून गरज असेल तरच पुन्हा. एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी चिंब असे झाले की ढोबळीचे बूड काळे पडते, कारण खतात कॅल्शियम असूनही ते पाण्यावाचून फळापर्यंत पोहोचत नाही. मातीवर तीन बोटे जाड आच्छादन हवेच. मी कूलरच्या नव्या पॅडमधून उरलेले लाकडाचे वूल, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू, पसरतो. जुने पॅड वापरू नये. त्यावर साचलेला पांढरा क्षार मातीत उतरतो आणि मिरचीला तो सोसत नाही.

जाळीखाली फुलकिडे आणि कोळी (पानांतला रस शोषणारी अगदी बारीक कीड) कमी होतात, असा माझा अनुभव नाही. दोन्ही येतातच: पाने वरच्या बाजूला होडीसारखी वळली तर फुलकिडे, खाली वळून लांबट झाली तर कोळी. निळे चिकट सापळे आणि आठवड्याने निंबोळी अर्काची फवारणी एवढ्यावर माझे भागले. फवारणी संध्याकाळीच करावी, दुपारी केलेल्या फवारणीने पाने करपतात.

उणीव एकच, पण मोठी आहे. जाळीच्या कापलेल्या कडा उसवतात आणि त्यांना पक्की पट्टी शिवलेली नसते. मे महिन्याच्या मध्यात संध्याकाळी वावटळ आली तेव्हा एका कोपऱ्याची दोरी धाग्यांसकट ओरबाडून निघाली आणि जाळीने शिडासारखा वारा धरून एक बांबू आडवा केला. दोन ढोबळी त्याखाली गेल्या. आता कडा दुहेरी दुमडून त्यातून नायलॉनची दोरी ओवली आहे, आणि आभाळ काळवंडले की पश्चिमेचा पडदा आधी सोडवतो.

जूनचा दुसरा पाऊस होताच जाळी उतरवली, कारण ढगाळ हवेत तीच जाळी रोपांना पुन्हा लेचीपेची करते. पुढच्या पंधरवड्यात ज्वालाने नवा फुटवा धरला आणि जुलैच्या मध्यापासून बारापैकी अकरा झाडांना मिरच्या लागल्या. ढोबळीची चारपैकी दोनच झाडे वाचली, आणि त्यांची फळे मुठीएवढी व्हायला ऑगस्ट उजाडला. येत्या वर्षी हीच जाळी दुसऱ्यांदा लावणार आहे. ढोबळीच्या पिशव्या मात्र दोनच ठेवीन.