मोठी कार्यशाळा की स्वतःचा कोपरा? कला महाविद्यालय निवडणाऱ्यांसाठी

कला महाविद्यालयांची माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवली की ढोबळमानानं दोन जाती दिसतात. एकीकडे सामग्री भरपूर: एचिंगचे (धातूच्या पत्र्यावरून चित्र छापायचे) प्रेस, भट्ट्या, डार्करूम, सुतारकाम. पण सगळं सामायिक, नाव नोंदवून पाळीपाळीनं वापरायचं. दुसरीकडे सामग्री बेताची, पण प्रत्येकाला वर्षभरासाठी एक भिंत आणि एक टेबल. मी पदवी पहिल्या प्रकारच्या ठिकाणी केली आणि पुढच्या शिक्षणासाठी मुद्दाम दुसऱ्या प्रकारचं निवडलं. ग्रंथालय आणि कॉम्प्युटर लॅब दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे तो विषय सोडतो.

पहिल्याच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. प्रेस किंवा भट्टी कुणी खोलीवर आणून ठेवत नाही. शिवाय भट्टी म्हणजे नुसती यंत्राची बाब नव्हे. नीट न वाळलेलं भांडं आत गेलं तर शंभर अंशांच्या आसपास त्यातल्या पाण्याची वाफ होते, भांडं फुटतं आणि शेजारच्याचंही काम खराब करतं. स्टोनवेअर (कडक भाजलेली मातीची भांडी) साधारण १२०० अंशांच्या वर भाजतात; मग भट्टी निवेपर्यंत थांबायचं, घाई करून दार उघडलं की तडे. हे सांभाळणारा जाणता माणूस तिथे असतो, आणि माझ्या मते खरी सुविधा तोच. मातीकाम किंवा मुद्राचित्रण (ठशांवरून चित्रं छापणं) हाच तुमचा विषय असेल, तर फार विचार न करता पहिला पर्याय घ्या.

पेंटिंगवाल्यांचं मात्र वेगळं आहे. मला तिथे जाच झाला तो एकाच गोष्टीचा: ओलं काम ठेवायचं कुठे? दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा वर्ग येणार, म्हणून संध्याकाळी इझल रिकामं करायचं. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही; त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग त्यातल्या त्यात लवकर वाळतो, टिटॅनियम व्हाइट मात्र दिवसेंदिवस चिकट राहतो. म्हणजे ढगच सगळ्यात ओले! रॅक कायम भरलेलं, म्हणून कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवायचे. सकाळी बघावं तर आकाशावर कुणाच्या तरी बाहीचा फराटा, आणि कापडाची वीणसुद्धा रंगात उमटलेली. भांडायचं तरी कुणाशी? जागाच नव्हती, त्याला कोण काय करणार.

फराटा बुजवता येतो हो. पण हळूहळू मी लहान कॅनव्हास घ्यायला लागलो, पांढरा जपून वापरायला लागलो, शेवटी पटकन वाळणाऱ्या ॲक्रिलिकवर आलो. हे निर्णय चित्राचे नव्हते, रॅकचे होते. दुसरीकडे जायचं ठरलं ते यामुळे.

नव्या ठिकाणी प्रेस एकच आणि तोही छोटा. फळी कापायची तर बाहेर जावं लागे. प्रकाश ट्यूबलाइटचा, आणि शेजारचा गडी दिवसभर तेच गाणं लावायचा. तरीही चित्र रात्री जिथे सोडलं तिथेच सकाळी भेटायचं. अर्धवट काम डोळ्यांसमोर असलं की चुकलेला हात दाराशीच दिसतो. येता-जाता सरही थबकत आणि एखादं वाक्य टाकून जात. नेमलेल्या तासापेक्षा मला त्याचाच जास्त उपयोग झाला. अर्थात हा माझा अनुभव. शिस्तीनं रोज सामान आवरणाऱ्याला पहिलं ठिकाण कदाचित जाचणारही नाही.

कॉलेज बघायला जाल तेव्हा स्टुडिओ बंद व्हायच्या वेळी जा. सकाळच्या फेरीत सगळी कॉलेजं छानच दिसतात. तेलाच्या चिंध्या टाकायला झाकणाचा पत्र्याचा डबा आहे का पाहा; जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो, त्यामुळे डबा नसेल तर बाकीची व्यवस्थाही तपासूनच घ्या. आणि ओले कॅनव्हास कुठे ठेवता, हे कार्यालयात नको, शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. ‘रॅक आहे की’ म्हणाले, तर त्यातले किती कप्पे रिकामे आहेत ते स्वतः मोजा.