अक्कलदाढ, अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक दह्याचे दहा कप

गेल्या महिन्यात अक्कलदाढेच्या मुळाशी पू झाला, तेव्हा दंतवैद्यांनी अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड यांची एकत्रित गोळी सात दिवस, दिवसातून दोनदा, लिहून दिली. तिसऱ्या दिवशी दाढ शांत झाली आणि त्याच दिवशी पोट बिघडले. या गोळीचा तो लौकिकच आहे. दिवसाला चार-पाच वेळा जुलाब आणि तांबडा रस्सा बंद, म्हणजे कोल्हापुरात राहूनही न राहिल्यासारखेच. म्हणून राजारामपुरीतल्या एका दुकानातून प्रोबायोटिक दह्याचे दहा कप आणले. कंपनीचे आणि दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही.

चवीला दही चांगले आहे. ते घट्ट असून आंबटपणा बेताचा आहे. गंगावेशीत समोर पिळलेल्या म्हशीच्या धारोष्ण दुधाची आणि त्याच दुधाच्या सायीच्या दह्याची सवय असलेल्या जिभेला ते थोडे फिके लागते. पण दुखऱ्या पोटाला तो बिनसायीचा हलकेपणाच मानवला.

माझी खरी तक्रार झाकणावरच्या मजकुराविषयी आहे. जिवाणू तर घरच्या विरजणातही असतात. एखाद्या पदार्थाला प्रोबायोटिक म्हणायचे, तर त्यातले सूक्ष्मजीव जिवंत असावेत, पुरेशा संख्येने पोटात जावेत आणि त्यांचा आरोग्याला उपयोग व्हावा, असे जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली सांगून ठेवले आहे. हा उपयोग जिवाणूच्या जातीवर नव्हे, तर नेमक्या वाणावर ठरतो. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या नावापुढची ‘जीजी’ ही दोन अक्षरे त्यासाठीच असतात. माझ्या कपावर मात्र ‘लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस’ एवढेच छापले होते. वाण नाही, संख्याही नाही. पाकिटावर नुसते ‘पाटील, कोल्हापूर’ लिहून पत्र टाकण्यातला हा प्रकार झाला. याकुल्टच्या ६५ मिलीच्या बाटलीवर निदान शिरोटा हा वाण आणि ६५० कोटी हा आकडा दिलेला असतो, मात्र ते पेय बरेच गोड आहे.

दुसरा दोष दुकानातला. सहाव्या कपाचे झाकण फुगून घुमटासारखे झाले होते आणि उघडताच वायू फसकन बाहेर पडला. दह्यावर थोडे पाणी सुटणे साहजिक आहे. झाकण फुगणे म्हणजे आत नको ते आंबणे सुरू झाल्याची खूण. कप परत नेला, तर दुकानदार म्हणाले, “दही हाय सर, आंबणारच की!” फ्रीज रात्री बंद ठेवता का, असे विचारल्यावर त्यांनी विजेच्या बिलाचा विषय काढला. कप बदलून दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. पण थंडावा तुटला की हे जिवाणू झपाट्याने कमी होतात, आणि मग आपण जास्तीचे पैसे देऊन साधेच दही खातो.

डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी आणि दही यांत मी दोन तासांचे अंतर ठेवले, म्हणजे गोळीने दह्यातल्या जिवाणूंचा लगेच फडशा पाडू नये. माझ्या बहिणीला डॉक्सिसायक्लिन चालू होते. तिच्या बाबतीत कारण उलटे होते, कारण दह्यातले कॅल्शियम त्या औषधाला धरून ठेवते आणि औषधच कमी शोषले जाते. सिप्रोफ्लॉक्सासिनचेही तसेच आहे.

उपयोग झाला का? जुलाब चौथ्या कपापासून कमी झाले आणि गोळ्या संपल्यावर दोन दिवसांत पूर्ण थांबले. गोळ्या थांबल्या की बहुतेकांचे पोट आपोआप ताळ्यावर येते, त्यामुळे सगळे श्रेय कपाला देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. काही विशिष्ट वाणांनी, विशेषतः मुलांमध्ये, अँटिबायोटिकचे जुलाब कमी होतात हे अभ्यासांत दिसले आहे. उलट इस्राएलच्या वाइझमन संस्थेने २०१८ साली ‘सेल’ या नियतकालिकात दाखवले की, अँटिबायोटिकनंतर अकरा वाणांचे प्रोबायोटिक घेतलेल्या निरोगी माणसांच्या आतड्यातली मूळची वस्ती, काहीच न घेतलेल्यांपेक्षा उशिरा परतली. तो प्रयोग दह्याचा नव्हता, हे खरे; तरी ‘पोटातले जिवाणू पूर्ववत करते’ असे छातीठोक वाक्य झाकणावर छापण्याआधी कंपनीने थोडे थांबायला हवे होते. ताप आला किंवा शौचातून रक्त पडले, तर कप बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच जावे.

साध्या दह्याच्या जवळजवळ दुप्पट किंमत मी पुन्हा मोजणार नाही. वाण आणि आकडा छापलेला कप मिळाला, तर विचार करीन. उरलेल्या दोन कपांची आईने परस्पर कढी केली. उकळी आल्यावर त्यातले जिवाणू अर्थातच गेले, कढी मात्र उत्तम झाली होती.